मागच्या ट्रॉलीचं वजन

उसाचा ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चढला, ऑपरेटरनं बटण दाबलं, पावती बाहेर आली आणि ट्रॅक्टरवाला पावतीकडं बघत जागेवरच उभा राहिला. त्याच्या पुढं जी गाडी गेलेली तिचं भरलेलं वजन २३ टन ४४० किलो, आणि याचंही २३ टन ४४० किलो. गावं वेगळी, टोळ्या वेगळ्या, उसाची जात वेगळी, आणि वजन मात्र किलोला किलो एकच, असं कुठं असतंय होय? पुढच्या गाडीवर त्याचाच मेव्हणा होता म्हणून दोन पावत्या शेजारी शेजारी आल्या, नाहीतर कुणाच्या ध्यानातपण आलं नसतं. रात्रीचे अडीच वाजलेले, डिसेंबरातली थंडी, मागं पन्नासएक गाड्यांची लाइन, आणि पाच मिनिटांत केबिनला गराडा. सगळ्यांच्या तोंडात शब्द एकच, जो आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ऊस लावणाऱ्या प्रत्येक घराला पाठ आहे. काटामारी.

मी त्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन बसलेलो. काटा ज्या बोर्डवर चालतो तो बोर्ड देणाऱ्या एका लहान कंपनीत मी कामाला आहे, कंपनीचं नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. गराड्यातल्या एका म्हातारबांना मी सांगायला गेलो की आजोबा, मशीन चुकलंय, गाडी परत चढवू. त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "मशीन चुकतंय व्हय? मग एकदा तरी आमच्या बाजूनं चुकू दे की त्याला." सगळे हसले, मी पण हसलो, पण आतनं हललो. गाडी परत चढवली तर २४ टन ११० किलो. म्हणजे ६७० किलो कमी लागलं होतं. त्या हंगामाचा केंद्राचा पायाभूत एफआरपी, म्हणजे उसाला द्यायलाच लागतो तो दर, क्विंटलला ३४० रुपये, त्या हिशेबानं एका बटणात २,२७८ रुपये गेले होते, आणि गेलेत हे कळलं कशामुळं तर मेव्हण्यामुळं.

तिथं कुणी काटा मारला नव्हता, हे मी देवाशप्पथ सांगू शकतो. चूक कर्नलमधल्या एका ड्रायव्हरची होती, चार ओळींची. कर्नल म्हणजे यंत्राची मेमरी आणि सगळे भाग सांभाळणारं मूळ सॉफ्टवेअर, आणि ड्रायव्हर म्हणजे त्यातला एकेका भागाशी बोलणारा तुकडा. पण त्या रात्रीपासनं माझं एक मत झालंय आणि ते काही केल्या बदलत नाही, की न तपासलेली चूक आणि लबाडी बाहेरनं बघणाऱ्याला एकसारखीच दिसते, आणि त्यानं ती वेगळी मानावी अशी अपेक्षा करायचा आपल्याला हक्क नाही. त्यामुळं जे यंत्र लोकांचा ऊस, दूध, धान्य, वीज मोजतंय त्याच्या आतला कर्नल, विकत घ्यायच्या आधी, चुका पकडायची जेवढी सोय त्यात आहे तेवढी सगळी चालू करून घेणाऱ्यासमोर चालवून दाखवायला लावला पाहिजे. आणि तो काय काय बोलला त्याचा लॉग विकणाऱ्याकडं नाही तर घेणाऱ्याकडं राहिला पाहिजे. टेंडरमध्ये ही अट लिहून यायला पाहिजे, सरकारी असो नाहीतर सहकारी.

आता चूक काय होती ते सांगतो, जरा आत जावं लागेल पण अवघड नाही.

कोल्हापुरात राहणाऱ्याला तर हे लगेच कळेल कारण आपल्या घराला दोन-तीन पत्ते असतातच. कागदोपत्री ई वॉर्ड आणि पुढं सिटी सर्व्हे नंबर, लाइटबिलावर तिसराच ग्राहक क्रमांक, आणि पाहुण्यांना आपण सांगतो राजारामपुरी बाराव्या गल्लीत या, पिठाच्या गिरणीसमोर. घर एकच, पत्ता विचारणाऱ्याप्रमाणं वेगळा. मेमरीचंही तसंच असतं. प्रोग्रामला एक पत्ता दिसतो, रॅमच्या चिपवरचा खरा पत्ता दुसरा, आणि कॅमेरा, नेटवर्क कार्ड, लोडसेलचं म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट अशी जी डिव्हाइसं प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहितात, म्हणजे ज्याला डीएमए म्हणतात, त्यांना तिसराच पत्ता दिसू शकतो. कुठला पत्ता म्हणजे कुठलं घर ह्याचं रजिस्टर कर्नल ठेवतो, बहुतेक ठिकाणी ४ केबीच्या एकेका पानाच्या हिशेबानं. ह्या नोंदी करायच्या कामाला मॅपिंग म्हणतात. ड्रायव्हरनं कर्नलला विचारायचं, बाबा रे ही जागा ह्या डिव्हाइसला कुठल्या पत्त्यावर दिसेल, कर्नल नोंद करून पत्ता देतो. किंवा देत नाही. जागा नसली तर तो नाही म्हणतो, आणि गंमत म्हणजे ते नाही सुद्धा एका आकड्याच्या रूपातच येतं, पत्त्यासारखंच दिसतं. ते नाही आहे का हे विचारायचं एक वेगळं फंक्शन आहे आणि ते ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं स्वतः बोलवायचं असतं. विसरला तर विसरला, कंपायलर काही ओरडत नाही.

आमच्या बोर्डला रॅम ४ जीबी, पण वजनाचं सर्किट पहिल्या १ जीबीच्या पलीकडं बघूच शकत नव्हतं. स्वस्तातल्या चिपमध्ये असं असतंय. अशा वेळी कर्नल खालच्या भागात थोडी जागा राखून ठेवतो, साधारण ६४ एमबी, डिव्हाइसनं माल तिथं टाकायचा आणि कर्नलनं तिथनं उचलून खऱ्या जागी न्यायचा. एसटी स्टँडवरचं पार्सल ऑफिस समजा. आता ह्याच पार्सल ऑफिसातनं ट्रॉलीचा आणि नंबर प्लेटचा फोटो काढणारे दोन कॅमेरेही माल नेत होते, आणि ऑपरेटरनं बटण दाबलं की वजन आणि फोटो एकाच वेळी. बहुतेक वेळा जागा पुरायची. कधीतरी फोटो आधी घुसायचे, ऑफिस फुल व्हायचं, वजनाच्या ड्रायव्हरला कर्नल नाही म्हणायचा, ड्रायव्हर ते नाही न बघताच पत्ता समजून सर्किटच्या हातात द्यायचा, सर्किट बिचारं नसलेल्या घरी माल टाकायला जायचं, आणि ड्रायव्हर परत येऊन आपल्या डब्यात बघायचा तर डब्यात काय, गेल्या बटणाला आलेले आकडे तसेच. त्याचं सरासरी वजन काढलं, पावती छापली. कुठंही एरर नाही, कुठंही लाल दिवा नाही, २३ टन ४४० किलो.

चुकीचा आकडा आला असता तर बरं झालं असतं. शून्य आला असता, नव्वद टन आला असता तर ऑपरेटरनंच डोक्याला हात लावला असता. पण हा आकडा खरा होता, फक्त दुसऱ्याचा होता.

आम्ही आधी दोन दिवस काय शोधलं तर लोडसेल, केबल, अर्थिंग, पाणी गेलंय का, उंदरानं वायर खाल्लीय का. हार्डवेअरवर संशय घ्यायला बरं वाटतं, आपली इज्जत शाबूत राहते. तिसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावर एक जादा बोर्ड घेतला, कर्नल परत बिल्ड केला, म्हणजे सोर्स कोडमधनं नव्यानं बनवला, आणि त्यात डीएमएच्या तपासणीचा पर्याय चालू केला जो इतके दिवस बंद होता. लोडसेलवर अंगठा दाबून एकदा बटण दाबलं. एकदाच. लॉगमध्ये ओळ आली, डिव्हाइस ड्रायव्हर फेल्ड टु चेक मॅप एरर, सोबत ड्रायव्हरचं नाव आणि पत्ता. गाडी नाही, गर्दी नाही, पार्सल ऑफिस निम्मंपण भरलेलं नाही, तरी पकडलं. कारण ही सोय मॅपिंग फसायची वाट बघतच नाही. मॅपिंग सोडून देताना ती एवढंच बघते की ह्या बाबानं मधल्या वेळात एकदा तरी विचारलं का, नाही आहे का म्हणून. नसेल विचारलं तर नाव घेते. पावसाची वाट न बघता छत्री घरात नाही हे उन्हाळ्यातच सांगणारं माणूस म्हणा.

ही सोय नवी आहे का तर नाही. आमच्या बोर्डवरचा कर्नल लिनक्सचा, आणि डीएमए तपासायचा हा कोड लिनक्समध्ये २००९ साली आला, योर्ग रोडेल यांनी लिहिलेला, आणि एरर न बघणाऱ्याला पकडायचा भाग शुआ खान यांनी २०१२ च्या सुमारास घातला. फुकट आहे, प्रत्येक कर्नलच्या सोर्समध्ये पडून आहे, फक्त चालू करून परत बिल्ड करायचं. चिप विकणाऱ्यानं दिलेल्या कर्नलमध्ये तो बंद होता, आम्ही तो तसाच उचलला, वर आमचं ॲप चढवलं आणि विकला. आणि अजून एक, ही तपासणी मुळात भिडस्त आहे, पहिली चूक सांगितली की गप्प बसते, सगळं बोल असं वेगळं सांगावं लागतं. आम्ही सांगितलं तर तिनं अजून तीन ड्रायव्हरांची नावं घेतली. त्या दिवशी दुपारी कुणी चहाला गेलं नाही.

बरं, ड्रायव्हर लिहिणारा मूर्ख होता असं नाही. कर्नलमध्ये नाही म्हणायच्या तऱ्हाच इतक्या आहेत. एक फंक्शन नाही म्हणताना रिकामा पॉइंटर, म्हणजे पत्ता ठेवायचा रकाना, देतं, म्हणजे शून्य. त्याचंच भावंड असलेलं दुसरं फंक्शन एररचा नंबर पॉइंटरमध्ये गुंडाळून देतं, मेमरी नाही तर उणे १२, आणि तो आकडा शून्य नसतो त्यामुळं ज्यानं फक्त शून्य आहे का बघितलं तो खुशाल पुढं जातो. साध्या प्रोग्रामातनं मेमरी मॅप करायला एममॅप म्हणून जी हाक मारतो ती फसली की उणे १ देते, शून्य नाही. आणि डीएमएचा पत्ता तर काही मशीनवर शून्य हाच खरा पत्ता असू शकतो, म्हणजे तिथं शून्य बघून परत फिरलात तर चांगल्या पत्त्याला लाथ मारलीत. कोल्हापुरात "बघू की" म्हटलं की त्याचा अर्थ नाही, पण पुण्याहून आलेला माणूस त्याला हो समजून कागद घेऊन दुसऱ्या दिवशी दारात हजर. तसंच आहे हे. भाषा माहिती नसली की होकार आणि नकार सारखाच ऐकू येतो.

म्हणूनच ही गोष्ट माणसाच्या हुशारीवर सोडायची नाही असं माझं म्हणणं. हुशार माणसंही चुकतात आणि ती चूक वर्षानुवर्षं राहते. डर्टी काउ नावाची चूक आठवत असेल, वाचायलाच परवानगी असलेल्या मॅपिंगवर लिहिता यायचं, आणि त्यातनं साधा युजर थेट रूट, म्हणजे सगळ्या मशीनचा मालक, व्हायचा. २००७ पासनं कर्नलमध्ये होती, २०१६ च्या ऑक्टोबरात दुरुस्त झाली. दुरुस्त करताना लिनक्स सुरू करणाऱ्या खुद्द लिनस टॉरवाल्ड्सनी लिहिलं की ही जुनीच चूक आहे, अकरा वर्षांपूर्वी मी एकदा दुरुस्त करायला गेलो होतो, नीट जमलं नाही, आणि दुसऱ्या अडचणीमुळं ते परत काढावं लागलं. जगातला सगळ्यात जास्त वाचला जाणारा सिस्टीम कोड आणि त्यात ही गत. तेव्हा सोर्स उघडा आहे म्हणजे कुणीतरी बघितलंच असेल हे जे आपण एकमेकांना सांगतो ना, ते लग्नात जेवणाकडं कुणीतरी बघत असेल म्हणतो तसलं आहे.

आणि उघडा नसलेल्या सोर्सचं काय होतं ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी बघितलं. क्राउडस्ट्राइक ह्या सायबर सुरक्षा कंपनीच्या विंडोज कर्नलमधल्या ड्रायव्हरला २१ रकाने अपेक्षित होते, आत आले २०, एकविसावा वाचायला गेला तर हद्दीबाहेरच्या मेमरीत, आणि ८५ लाख मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद. फाइल मागं घेतली ती ७८ मिनिटांत, पण तोवर व्हायचं ते झालेलं. आपल्याकडं विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास फिरले, फोटो आले होते सगळीकडं. त्यांच्या स्वतःच्या अहवालातली एक बारीक गोष्ट मला फार बोचली, की टेस्ट करताना एकविसाव्या रकान्यात कायम "काहीही चालेल" असंच ठेवलेलं, त्यामुळं तो रकाना खरोखर वाचायची वेळ टेस्टमध्ये कधी आलीच नाही. आमच्या काट्याचीपण तीच गोष्ट, नाही ऐकायची वेळ टेस्टमध्ये कधी आणलीच नव्हती.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे बघा. पाणी त्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, कुणी बटण दाबायला जात नाही, आणि अर्ध्या तासात अख्ख्या जिल्ह्याच्या मोबाइलवर मेसेज, अमुक नंबरचा दरवाजा उघडला, विसर्ग १,४२८ क्युसेक. पण त्या दरवाजांची परीक्षा बहुतेक पावसाळ्यात होते म्हणून आपला त्यांच्यावर विश्वास. आमच्या ड्रायव्हरमध्ये एररचा दरवाजा बसवलेलाच नव्हता आणि धरण इतकी वर्षं भरलं नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही. कर्नलमध्ये खोटा पूर आणायचीही सोय आहे, मेमरी मागितली की मुद्दाम अधनंमधनं नाही म्हणायचं, आणि ती तर २००७ च्या आसपासची. किती जणांनी चालवून बघितलीय? कॉलेजात आम्ही पेजिंगची, म्हणजे मेमरीतली पानं आतबाहेर करायची, गणितं ढीगभर सोडवली, फिफो, एलआरयू, किती पेज फॉल्ट होतील ते काढा, दहा मार्क. खऱ्या कर्नलला एकदा उपाशी ठेवून तो काय करतो बघा असं कुणी सांगितलं नाही.

आता खरा प्रश्न, हे विचारायचं कुणी?

काट्याची तपासणी होत नाही असं नाही. वैधमापन खात्याची माणसं दरवर्षी येतात, प्रमाणित वजनं चढवतात, आकडा जुळतो का बघतात, सील मारतात. आमचा काटा त्यात पास होता, आणि खोटं नाही, खरोखरच बरोबर होता. एक वजन ठेवा, बटण दाबा, आकडा बघा, सावकाश दुसरं ठेवा. अशा तपासणीत पार्सल ऑफिस कधी भरणार? सील पत्र्याच्या डब्याला आहे, डब्याच्या आत जो कर्नल आहे त्याला कुणीच विचारत नाही की तू नाही ऐकलंस तर काय करतोस.

आणि हे कोल्हापूरला शिकवायची गरज नाही हो. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कुठल्याही फौंड्रीत जा. ट्रॅक्टरचं एक हौसिंग ओतलं तरी त्यावर हीट नंबर, म्हणजे ते कुठल्या वेळच्या वितळलेल्या धातूतनं ओतलं त्याचा नंबर, असतो, त्या हीटचा केमिकलचा रिपोर्ट, हार्डनेस, मायक्रोस्ट्रक्चर, ब्लो होल आहे का, सगळं कागदावर, आणि वर पार्टीचा माणूस येऊन त्याच्यासमोर परत तपासून बघतो. एक पीस फेल गेला तर लॉट परत. कुणी म्हणत नाही की आमच्यावर अविश्वास दाखवताय. उद्यमनगरातला पाच माणसांचा वर्कशॉपवालासुद्धा रिपोर्ट जोडल्याशिवाय माल पाठवत नाही. आणि त्याच गावात, तीच माणसं, दूध संस्थेचं मशीन घेताना विचारतात काय तर स्क्रीन केवढा आहे, वॉरंटी किती, आणि प्रिंटर मराठी छापतो का. कास्टिंगला हीट नंबर लागतो आणि कर्नलला लागत नाही, असं का?

ह्याच्यावर मला तीन-चार उत्तरं मिळालीत, बहुतेक आमच्याच धंद्यातल्या लोकांकडनं.

एक म्हणजे तपासणी चालू ठेवली की मशीन हळू होतं. होतंच. कासान म्हणून मेमरीच्या चुका पकडायची जी सोय २०१५ पासनं कर्नलमध्ये आहे ती दर आठ बाइटला एक बाइट स्वतःच्या हिशेबवहीसाठी खाते, आणि वेग पण चांगलाच उतरतो. पण कोण म्हणतंय रोजच्या कामात चालवा? स्वीकारायच्या वेळी चालवा, पाच दिवस, खरी गर्दी लावून. रोजच्या कामात ठेवायला केफेन्स आहे, २०२१ मध्ये आलेली, ती सगळं न तपासता अधनंमधनं मेमरीच्या एखाद्या वाटपावर पाळत ठेवते, भार नगण्य. म्हणजे हा मुद्दा वेगाचा नाहीच, कुणी सांगितलं नाही म्हणून केलं नाही एवढाच आहे.

दुसरं, आणि हे मला लागतं कारण मी त्यातलाच आहे, की असल्या अटी घातल्या की लहान कंपन्या मरतील आणि बाहेरच्या मोठ्या येतील. ही भीती खोटी नाही. तपासणीच्या नावाखाली सर्टिफिकेटचा धंदा सुरू झाला, अमुक लॅबचा शिक्का आणा, लाखभर भरा, तर आमच्यासारखे पहिले जातील आणि चूक तिथंच राहील. म्हणून मी शिक्का मागतच नाहीये. मी मागतोय ते लॉग. तपासणीचा कर्नल बिल्ड करायला आम्हाला एक दुपार लागली आणि पैसे शून्य. चार ड्रायव्हर दुरुस्त करायला आठवडा. त्या हंगामात त्या एका काट्यापायी आमची जेवढी माणसं, गाडी-खर्च आणि शिव्या गेल्या त्याच्या मानानं हे काहीच नाही. उलट मोठ्या कंपनीला तीन खाती ओलांडून हे करायला महिना लागेल, आपण दुपारी बसून करू. ही अट लहान माणसाच्या फायद्याची आहे, जर ती कागदाची न होता कामाची राहिली तर.

तिसरं उत्तर, रस्ट येतंय, मग सगळं आपोआप. रस्ट चांगली भाषा आहे, मेमरीच्या बऱ्याच चुका मुळातच होऊ देत नाही, डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासनं लिनक्समध्ये दारही उघडलंय, आणि अँड्रॉइडमध्ये नवा कोड असल्या भाषांत लिहायला लागल्यापासनं मेमरीच्या चुकांचा वाटा २०१९ च्या ७६ टक्क्यांवरनं २०२४ मध्ये २४ वर आला असं गुगलनंच सांगितलंय. रस्टमध्ये नाही हे उत्तर न बघता पुढं जायला मुद्दाम वाकडं चालावं लागतं, हे खरं. पण आज कारखान्याच्या यार्डात, दूध संस्थेत, कंडक्टरच्या हातातल्या अँड्रॉइडच्या तिकीट मशीनमध्ये जो कर्नल आहे तो सी ह्या जुन्या भाषेत लिहिलेला आहे आणि अजून बरीच वर्षं चालणार आहे. नवं घर बांधतोय म्हणून जुन्याचं गळकं छप्पर तसंच ठेवायचं का?

चौथं उत्तर सरकारी बाजूचं, की सर्ट-इन ह्या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी द्यायची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत ना. काढलीत, चांगलं केलं. पण यादी म्हणजे भेळेच्या पाकिटावर साहित्य छापल्यासारखं आहे, चुरमुरे, फरसाण, चिंच. चुरमुरे सादळलेत का ते त्यात लिहिलेलं नसतं. युरोपनं एक पाऊल पुढं टाकलंय, तिथला सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासनं पूर्ण लागू होतोय, त्यात विकल्यानंतरही चुका दुरुस्त करत राहायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलीय. इथलं कास्टिंग युरोपला जातं तेव्हा तिकडचे नियम आपण निमूट पाळतो, मग इथल्या उसाला तेवढा मान का नको.

आणि एक गोष्ट बहुतेक खरेदी कमिट्यांना माहितीच नसते. लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ ह्या लायसन्सखाली आहे. म्हणजे ज्याला कर्नलसकट यंत्र विकलं त्यानं मागितला तर त्या कर्नलचा सोर्स द्यावाच लागतो, आमचं ॲप नाही द्यायचं, पण कर्नल आणि त्यातले बदल द्यायचे. दूध संस्थेचा सेक्रेटरी एका कागदावर अर्ज लिहून हा मागू शकतो. त्याला वाचता येणार नाही, ठीक आहे, पण गावात एखादा पोरगा असतोय की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला, फायनल इयरला प्रोजेक्ट काय करू म्हणून हिंडत असतो. त्याला द्या. तपासणी चालू करून बिल्ड कर, बोर्डवर चढव, सकाळच्या दूध संकलनाला दोन तास चालव, लॉग आणून दे. त्याचा प्रोजेक्ट झाला, संस्थेचं काम झालं, आणि आमच्यासारख्या कंपनीच्या पोटात गोळा आला तो वेगळा.

म्हणजे अट फार मोठी नाही. तपासणीचा कर्नल बोर्डसोबत द्यायचा, खऱ्या गर्दीत तो चालवायचा, मेमरी मुद्दाम कमी पाडून परत चालवायचा, आणि लॉगची फाइल खरेदीच्या फाइलला जोडायची. चुका निघाल्या म्हणून बिल अडवू नका, निघणारच. दुरुस्त करून परत चालवला का तेवढं बघा. लॉग कोरा आणणाऱ्यावर मी तर जास्त संशय घेईन.

आमचा काटा दुरुस्त झाला. ड्रायव्हर आता नाही ऐकतो, पार्सल ऑफिसची जागाही वाढवली, आणि तरीही वजन नाही मिळालं तर स्क्रीनवर लाल पट्टी येते, वजन मिळालं नाही, परत घ्या. पुढच्या हंगामात मी एक रात्र मुद्दाम जाऊन बसलो. रात्रीत दोनदा पट्टी आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा काट्यावरचा ट्रॅक्टरवाला खवळला, आधी बरं होतं की राव, झटक्यात वजन यायचं, हे काय नवीन काढलंय. ऑपरेटरनं परत बटण दाबलं, आकडा आला, पावती निघाली. त्यानं पावती घेतली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"ते मगाशी लाल आलतं, ते कुठं लिहून राहतंय का?"

मी म्हटलं राहतंय की, लॉगमध्ये.

"मला कसं दिसणार ते?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही दिसणार, ते आत असतंय.

"मग पावतीवर छापा की," म्हणाला आणि ट्रॅक्टरला सेल्फ मारला. आठवडाभरानं आमच्या पावतीवर वजनाच्या खाली एक ओळ वाढली, प्रयत्न : २.